विश्लेषण : ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ची पाटी लावायला परवाना लागतो का?

नगर-मनमाड महामार्गावरच्या कोल्हारमध्ये उद्या एखाद्या नर्सरीचालकाने दारावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावली, तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. त्याच पाटीवर आधी ‘लँडस्केप’ हा शब्द रंगवला, तर मात्र चित्र बदलते. मंगल कार्यालयाचे लॉन, मंदिराचा परिसर किंवा बंगल्याची बाग करून घेणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यायला हवा.

कायदा काय सांगतो?

वास्तुविशारद कायदा, 1972च्या कलम 37 नुसार नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. पण याच कलमात ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि जहाजांशी संबंधित ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना सूट आहे. झाडे-रोपे आणि भूदृश्याशी संबंधित मोकळ्या जागांची रचना करणारा तो लँडस्केप आर्किटेक्ट, एवढीच व्याख्या. शिक्षण, परीक्षा, अनुभव यांचा त्यात उल्लेखच नाही. कलम 37 उपाधीला संरक्षण देते, कामाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 मार्च 2020 रोजी स्पष्ट केले. लँडस्केपच्या क्षेत्राला तर उपाधीचेही कुंपण नाही. अमेरिकेत मात्र सर्व 50 राज्यांत या व्यवसायासाठी परवान्याची तरतूद आहे.

मग पात्रता कुठेच ठरलेली नाही?

राष्ट्रीय इमारत संहितेत लँडस्केप आर्किटेक्चरमधील पदवीची अपेक्षा आहे. पण संहिता मार्गदर्शक आहे. स्थानिक नियमांत आल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही. ‘इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स’ ही व्यावसायिकांची संघटना आहे, पण तिचे सदस्यत्व म्हणजे सरकारी परवाना नव्हे.

धोका कुठे?

फुलझाड चुकले तर दुसरे लावता येते. प्रवरेकाठच्या काळ्या मातीचे तसे नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया आणि निचरा न पाहता बसवलेले पेव्हर ब्लॉक खालीवर होतात. उतारावरच्या संरक्षक भिंतीमागे पाणी साचले तर ती कलू शकते. इथे प्रश्न सौंदर्याचा नाही, जिवाचा असतो आणि त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरच लागतो.

अर्थात, सरसकट परवानासक्ती हाही सोपा उपाय नाही. या मातीत कोणते झाड जगेल, हे शेजारच्या राहुरी कृषी विद्यापीठातून शिकलेला उद्यानविद्येचा पदवीधर वास्तुविशारदापेक्षा कदाचित चांगले सांगेल.

ग्राहकाने काय करावे?

पदवी नेमकी कशातली, हे विचारावे. समोरचा वास्तुविशारद असल्याचे सांगत असेल, तर वास्तुकला परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी तपासावी. निचऱ्यासह आराखडा, दर आणि देखभालीची मुदत लेखी घ्यावी. काम बिघडले तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे हेच कागद आणि पैसे दिल्याच्या पावत्या उपयोगी पडतात.