विश्लेषण : अल्झायमरचे निदान लवकर का हवे? आठवणींबरोबर सहीचा अधिकारही कसा जातो?

जुहू चौपाटीवर वर्षानुवर्षे सकाळी फिरायला जाणारे आजोबा एके दिवशी जुहू तारा रोडवर थांबतात. घर डावीकडे की उजवीकडे, हेच त्यांना आठवत नाही. घरचे ‘वय झाले’ म्हणून विषय सोडून देतात. अल्झायमरची सुरुवात अनेकदा अशी होते. निदानाला उशीर होतो, तोवर स्वतःचे घर, पैसा आणि उपचार यांबाबत निर्णय घेण्याची रुग्णाची क्षमता ओसरू लागलेली असते.

अल्झायमर म्हणजे नेमके काय?

स्मृतिभ्रंश हे लक्षणसमूहाचे नाव आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. जागतिक आरोग्य संघटनेनुसार स्मृतिभ्रंशाच्या ६० ते ७० टक्के रुग्णांत अल्झायमर आढळतो. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले. मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने साचतात व पेशी नष्ट होत जातात. नव्या आठवणी साठवणारा भाग आधी बाधित होतो. म्हणूनच सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण शाळेतले मित्र नावानिशी आठवतात.

भारतात रुग्ण किती?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के नागरिकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले.

साधे विसरणे आणि आजार यांत फरक काय?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे नेहमीचे आहे. पण चहा करताना आधी काय, नंतर काय हेच न सुचणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणे, पैसे स्वतः ठेवून कामवालीवर चोरीचा आळ घेणे, संध्याकाळ झाली की अस्वस्थ होऊन घरात बसूनही ‘घरी जायचंय’ म्हणणे ही धोक्याची लक्षणे आहेत. मात्र बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा काही झोपेच्या गोळ्यांमुळेही विसरभोळेपणा वाढतो आणि तो बऱ्याचदा उपचारांनी सुधारतो. त्यामुळे आधी तपासणी हवी. जुहूतच असलेल्या महापालिकेच्या कूपर रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार विभागातून सुरुवात करता येते.

आजार लपून का राहतो?

जुहू-पार्ल्याच्या सोसायट्यांत आणि बंगल्यांत मुले परदेशी आणि आईवडील येथे, अशी अनेक घरे आहेत. रविवारच्या दहा मिनिटांच्या व्हिडीओ कॉलवर सुरुवातीचा रुग्ण व्यवस्थित बोलतो. ‘हो, जेवलो’ एवढे उत्तर द्यायला स्मरणशक्ती लागत नाही. जुहू कोळीवाडा किंवा मोरागावसारख्या जुन्या वस्तीत माणसे ओळखीची असतात, हरवलेल्याला कोणीतरी घरी आणून सोडते. पण तिथेही ‘म्हातारचळ’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आजारावर पडदा पडतो. दोन्हीकडे भार मुख्यतः पत्नी, सून किंवा मुलीवर येतो. ब्युरोमधून ठेवलेल्या बाईला या आजाराचे प्रशिक्षण असतेच असे नाही.

सहीचा अधिकार कधी जातो?

अनेक कुटुंबे मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की ते संपुष्टात येते. म्हणजे गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी ठरते. मृत्युपत्र करतानाही मनाची सक्षमता आवश्यक असते. रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील तरतूद २०१७ च्या नव्या कायद्यात राहिली नाही. त्यामुळे रुग्णाच्याच उपचारांसाठी त्याच्या खात्यातून पैसे काढायला कुटुंबाला उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली असे पालक नेमले आहेत.

ओळखीचे उदाहरण कोणते?

१९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांना हरवणारे, पुढे संरक्षणमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस यांना अल्झायमर झाला. २०१० मध्ये त्यांनी कोणाजवळ राहायचे आणि त्यांना कोणी भेटायचे, हा वाद न्यायालयात गेला. एका हाकेवर मुंबई बंद करणाऱ्या या नेत्याच्या दैनंदिन आयुष्याचे निर्णय इतरांच्या हाती गेले होते. २९ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

औषध आहे का?

आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. डोनेपेझिल, मेमँटिन यांनी लक्षणांत काही काळ दिलासा मिळतो. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या औषधांना मंजुरी मिळाली. ती आजाराचा वेग काहीसा कमी करतात, पण फक्त सुरुवातीच्या टप्प्यात. मेंदूला सूज किंवा रक्तस्रावाचा धोकाही असतो. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगानुसार रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, एकटेपणा अशा १४ घटकांवर लक्ष दिल्यास सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येऊ शकतात.

कुटुंबाने आधी काय करावे?

निदान होताच, रुग्ण समजून निर्णय घेऊ शकतो तोवर मृत्युपत्र करावे, बँक खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने संयुक्त करावे आणि नामनिर्देशन तपासावे. २०१७ च्या कायद्यानुसार उपचारांबाबत आगाऊ निर्देश देता येतात, प्रतिनिधीही नेमता येतो. रुग्णाच्या खिशात किंवा गळ्यात नाव आणि फोन क्रमांक असावा; मुंबईत ‘प्रोजेक्ट चेतना’ने यासाठी क्यूआर कोडची लॉकेट तयार केली आहेत. सोसायटीच्या वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आजाराची कल्पना द्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत. आपले पुढचे आयुष्य कसे असावे, हे रुग्णाला स्वतः सांगता येते तो काळ थोडा असतो. लवकर निदान झाले तरच तो हाती लागतो.