माळावरची हरणे आणि त्यांचा खर्च

हिवाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी पुण्याकडच्या मोटारी सोलापूर रस्त्याच्या आजूबाजूच्या माळांकडे वळू लागतात. बारामती-इंदापूरकडे चिंकारा आणि कर्जत-सोलापूरकडे काळवीट पाहावा, त्याची छायाचित्रे घ्यावीत, हा छंद शहरी मध्यमवर्गात आता चांगलाच रुजला आहे. शास्त्राच्या काटेकोर भाषेत हे दोन्ही प्राणी कुरंग होत. पण गावकरी त्यांना हरणेच म्हणतात, आपणही तसेच म्हणू. चळवळीतील काही मित्रांना असले छंद म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले वाटतात. हे मत मला मान्य नाही. सृष्टीतील सौंदर्य पाहण्याचा अधिकार मूठभरांचा नसावा, हीच तर समाजवाद्याची भूमिका असली पाहिजे. प्रश्न निराळा आहे आणि तो हिशेबाचा आहे. या दर्शनाची किंमत कोण चुकवतो?

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली ही प्रगतीच होय. कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांत काळविटांवर शिकारी चित्ते सोडण्याचा शौक होता. माळ, जनावर आणि तमाशा, सारे दरबारचे. १९२०च्या दशकात चँपियन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने उत्तर भारतातील जंगलात बंदूक बाजूला ठेवून वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेतली, तेव्हा ते नवलच होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. आज त्यांची शिकार करणाऱ्याला किमान तीन वर्षांची शिक्षा होऊ शकते. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. पण त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. कळपांना अभयारण्याच्या सरहद्दी ठाऊक नसतात. संरक्षण राज्याने दिले. चारा मात्र आसपासच्या शेतातून जातो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला यात एक जुनेच कोडे दिसते. हरीण पाहण्याचा आनंद सार्वजनिक आहे. एकाने पाहिले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. लाभ असा लाखोंत विखुरलेला, आणि भार मात्र नेमक्या काही शेतकऱ्यांच्या डोक्यावर. कोरडवाहू चार एकरांत रब्बी ज्वारी किंवा हरभरा पेरलेला, कोंब नुकते वर आलेले, आणि रात्रीतून कळप शेतात उतरतो. मग थंडीत मचाणावर बसून राखण करावी लागते. घरातील माणसे पाळीपाळीने जागतात आणि सकाळी पुन्हा कामाला लागतात. या जागरणाची मजुरी कोणत्याही जमाखर्चात धरली जात नाही.

नुकसानभरपाईची शासकीय व्यवस्था आहे. परंतु अर्ज, पंचनामा आणि सातबारा या तीन पायऱ्यांवर लहान शेतकरी थकतो. जो बटाईने कसतो त्याचे तर सातबाऱ्यावर नावच नसते. पीक त्याचे जाते आणि कागद मालकाचा राहतो. वन्य प्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून पीकविम्यात घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्याचे स्वागत करू. पण कसणाऱ्याच्या हातात पैसा पडेपर्यंत या स्वागताला अर्थ नाही.

यावर काहींचा उपाय सोपा असतो : हरणे फार झाली, मारण्याची परवानगी द्या. चिडलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी ही मागणी यावी हे समजण्यासारखे आहे. पक्षाच्या तोंडी ती शोभणार नाही. कळप शेतात का उतरतात, हे आधी पाहिले पाहिजे. गवताळ माळाला आपल्या महसुली भाषेत ‘पडीक’ म्हणतात. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह सरकार प्रसिद्ध करते, त्यातही चराऊ कुरणे आणि झुडपी माळ यांची गणना होते. एकदा जमीन पडीक ठरली की ती कारखान्याला, खडीच्या खाणीला किंवा सौर प्रकल्पाला देताना कोणाचेच मन कचरत नाही. कोठे सद्हेतूने झाडे लावली जातात आणि त्यांच्या सावलीत गवत मरते. कालव्याचे पाणी आले तेथे माळाचा ऊस झाला. यात धनगराचा वाडा आणि हरणांचा कळप दोघेही एकाच वेळी बेदखल झाले. मेंढपाळ आणि वन्य पशू यांना परस्परांचे वैरी म्हणून उभे करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

येथे एक सावधगिरी हवी. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. भूमिहीन दलित कुटुंबाने पोटासाठी कसलेले गायरानाचे दोन एकर आणि एका कंपनीला एका सहीने दिलेले शेकडो एकर, यांना ‘अतिक्रमण’ या एकाच शब्दात बसवणे अन्यायाचे आहे. हरणांच्या नावाने गरिबाला उठवायचे आणि कंपनीला बसवायचे, असे निसर्गरक्षण आपल्याला नको.

छायाचित्रकारांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. धावणारे काळवीट टिपण्यासाठी माळावर गाडी पिटाळणे हा शिकारीचाच अवतार आहे. मादी आपले पाडस गवतात लपवून दूर चरत असते. ते पाडस सापडले म्हणून त्याच्याभोवती कोंडाळे करणाऱ्यांना आपण आईची वाट अडवली आहे याचे भान नसते. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती चाकाखाली येतात. उलट, पायवाटेवर स्वस्थ बसणाऱ्याला माळ पुष्कळ दाखवतो. काळा झालेला नर आपल्या हद्दीत मान वर करून कसा फिरतो, ठरावीक जागी लेंड्या टाकून हद्द कशी राखतो, दुसरा नर आला की दोघे कसे समांतर चालत एकमेकांना जोखतात, हे सारे धीर धरणाऱ्यालाच दिसते. तेथेच शेजारी मेंढरे राखणारा माणूस बसलेला असतो. कळपाची वाट त्याला ठाऊक असते. छायाचित्रात मात्र तो येत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. हरणे पाहण्याची व्यवस्था ग्रामसभेच्या देखरेखीखाली चालावी, तिचे शुल्क गावाच्या पीकनुकसान निधीत जमा व्हावे, आणि वाटाड्याचे काम मेंढपाळ व भूमिहीन घरांतील तरुणांना मिळावे. भरपाई ग्रामसभेच्या दाखल्यावर, कसणाऱ्याच्या नावे आणि हंगाम संपण्यापूर्वी मिळावी. गायरान गवतासाठी राखले जावे. ग्रामसभेच्या संमतीवाचून ते कोणाही कंपनीस देऊ नये. शेतातील कठडे नसलेल्या विहिरींत हरणे पडून मरतात. त्यांना कठडे बांधण्याचे काम रोजगार हमीच्या कामांत घेण्याचा आग्रह धरावा.

माळाच्या तालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांनी या हिवाळ्यात एक काम अंगावर घ्यावे. आपल्या गावच्या गायरानाचे गट क्रमांक आणि क्षेत्र तलाठ्याकडून लेखी मिळवावे, त्यांपैकी आज किती कोणाच्या ताब्यात आहे ते प्रत्यक्ष फिरून पाहावे आणि तो तक्ता पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्या सभेला धनगर, भूमिहीन आणि पीक गेलेला शेतकरी, तिघांनाही घेऊन जावे.