बेल्ट बदलता येतो, संगणक उघडत नाही

मिनेसोटा राज्याचा ‘डिजिटल फेअर रिपेअर’ कायदा १ जुलै २०२४ रोजी लागू झाला, तेव्हा ग्राहकहक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी त्याचे मोठे स्वागत केले. मोबाइलपासून घरगुती उपकरणांपर्यंत अनेक वस्तूंचे सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दोष शोधण्याची साधने उत्पादकांनी वाजवी अटींवर मालकांना व स्वतंत्र कारागिरांना द्यावीत, असे हा कायदा सांगतो. मात्र त्यातील अपवादांची यादीही बरीच लांब आहे. मोटारी, वैद्यकीय उपकरणे, शेतीची व बांधकामाची यंत्रे अशा वगळलेल्या वस्तूंच्या रांगेतच ऑल-टेरेन क्रीडावाहने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एटीव्ही, जाऊन बसली आहेत. या क्षेत्रातील अग्रगण्य पोलारिस कंपनीचा जन्म १९५४ साली याच राज्यातील रोझो या छोट्या गावी झाला. सवलत एकट्या तिलाच मिळाली असे नव्हे, तर रस्त्याबाहेर चालणाऱ्या यंत्रांचा जवळजवळ सगळाच उद्योग कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. तरीही ज्या राज्यात हे वाहन बनते, बर्फात आणि रानावनात सर्रास वापरले जाते, तेथेच त्याच्या मालकाला हा हक्क नसावा, ही विसंगती नजरेत भरल्यावाचून राहत नाही.

एटीव्हीची कथा मुळात साधेपणाची आहे. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत आणलेले ‘यूएस ९०’ हे तीनचाकी वाहन म्हणजे फुगीर टायरांवर बसवलेले मोटारसायकलचे छोटे इंजिन होते. पान्यांचा संच आणि थोडी चिकाटी असलेला कोणीही त्याची देखभाल करू शकत असे. आजही या वाहनाची बहुतेक निगा मालकाच्या हातात राहते. धुळीच्या वाटेवरून आल्यावर एअर फिल्टरचा स्पंज धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून बसवायचा. ओढा पार केल्यावर डिफरन्शियलचे तेल तपासायचे. ते दुधट दिसले तर आत पाणी शिरले आहे, आणि तसेच चालवले तर बेअरिंग व दातेरी चाके झिजणार हे ठरलेलेच. गिअरपेटीऐवजी असलेल्या सीव्हीटी यंत्रणेचा रबरी बेल्ट हा तर या वाहनाचा सर्वांत नाजूक भाग. जड ओझे ओढताना हाय गिअर ठेवला, किंवा चिखलात रुतलेल्या गाडीला नुसताच ॲक्सिलरेटर दिला, तर बेल्ट जागीच घसरून तापतो, चकचकीत होतो आणि अखेर तुटतो. तो बदलणे हे घरच्या गॅरेजमध्ये एका दुपारचे काम आहे, आणि अनुभवी चालक सुटा बेल्ट सोबत बाळगतातच.

अडचण पुढे सुरू होते. कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले, स्टिअरिंगला विजेची जोड मिळाली, सेन्सर वाढले. आता एखादा सेन्सर बिघडला की नियंत्रक संगणक इंजिनाची ताकद घटवतो आणि पडद्यावर दोषाचा सांकेतिक क्रमांक उमटतो. क्रमांकाचा अर्थ शोधता येतो, भागही विकत मिळतो. परंतु काही दुरुस्त्यांनंतर तो भाग संगणकाशी जुळवून घ्यावा लागतो आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर बहुधा अधिकृत डीलरकडेच असते. कॅन-ॲमच्या अनेक वाहनांत तर चावीतच चिप असते, आणि नवी चावी कंपनीच्या प्रणालीतून नोंदवल्याशिवाय चालत नाही. चोरी रोखण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण डीलर दीडशे मैलांवर असेल तर तिची खरी किंमत कळते.

मोटारींची स्थिती वेगळी का, हे पाहणे उद्बोधक ठरेल. १९९६ पासून अमेरिकेतील प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ हे प्रमाणित तपासणी-द्वार सक्तीचे झाले. एटीव्हीला अशी सक्ती नाही, त्यामुळे प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी आणि भाषाही निराळी. मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्ये मोटारींसाठी दुरुस्ती-हक्काचा कायदा केला आणि २०१४ मध्ये उत्पादकांनी तीच तत्त्वे देशभर मान्य करणारा करार केला. रस्त्याबाहेरच्या वाहनांना तसा करार लाभलेला नाही.

सुरक्षितता आणि प्रदूषण हे उत्पादकांचे दोन मुख्य युक्तिवाद. पहिला सहज झटकून टाकण्याजोगा नाही, कारण या वाहनांच्या अपघातांत अमेरिकेत दरवर्षी शेकडो लोक जीव गमावतात आणि वेगमर्यादेचे सॉफ्टवेअर काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ मध्ये काँग्रेसला दिलेल्या अहवालात दुरुस्तीवरील निर्बंधांच्या समर्थनार्थ फारच तुटपुंजा पुरावा असल्याचे नमूद केले. प्रदूषणाच्या युक्तिवादालाही पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी ऑगस्ट २०२३ मध्ये छेद दिला: स्वच्छ हवा कायदा मालकाला दुरुस्तीपासून रोखत नाही, असे त्यांनी शेतकरी संघटनेला लेखी कळवले.

जानेवारी २०२५ मध्ये याच कमिशनने इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांसह डीअर कंपनीवर खटला भरला. दुरुस्तीचे संपूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरांनाच देऊन कंपनी स्पर्धा संपवते, हा त्यातील आरोप. कंपनीला तो मान्य नाही. मराठी वाचकांना हे नाव परके नाही. पुण्याजवळ सणसवाडीत तिचे ट्रॅक्टर बनतात आणि पुण्यात तिचे तंत्रज्ञान केंद्रही आहे. या वादाच्या दोन्ही बाजूंना, कोडही लिहिणारे आणि अंगणात ‘गेटर’ही ठेवणारे, मराठी अभियंते असू शकतात. भारत सरकारनेही जुलै २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत शेतीची अवजारे व वाहने दोन्ही आहेत.

तूर्त मालकाच्या हाती १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. केवळ दुसऱ्या कंपनीचा फिल्टर बसवला किंवा तेल घरी बदलले म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही. दोष त्याच भागामुळे उद्भवला हे कंपनीला दाखवावे लागते. याच मुद्द्यावर २०२२ मध्ये कमिशनने हार्ले-डेव्हिडसनला वॉरंटीच्या अटी बदलायला लावल्या. त्यामुळे तेलाची पावती, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि त्या दिवशीचे इंजिन-तास एका वहीत लिहून ठेवणारा मालक वादाच्या वेळी बराच भक्कम असतो. संगणकाचे कुलूप मात्र त्या वहीने उघडत नाही.