नादारीनंतरही माणूस उरतो

मराठीतील 'पत' हा शब्द पैशापुरता मर्यादित नाही. पत म्हणजे माणसाच्या शब्दाला असलेले वजन. पेठेतील व्यापारी ज्याला कागदाशिवाय माल देतो, त्याची ती पत. पतपेढी आणि पतसंस्था या नावांतही हाच विश्वास अभिप्रेत आहे. त्यामुळे एखाद्याचे दिवाळे निघाले की चर्चा त्याच्या बुडालेल्या व्यवहारापाशी थांबत नाही. ती त्याच्या चारित्र्यापर्यंत, घराण्यापर्यंत आणि मुलामुलींच्या सोयरिकीपर्यंत जाऊन पोहोचते. कायद्याच्या भाषेत नादारी ही एक स्थिती आहे. बोलण्यात मात्र 'दिवाळखोर' ही शिवी झाली आहे. कर्जात बुडालेली कुटुंबे सत्य लपवितात, एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढतात, आणि कधी घरचा कर्ता पुरुष जीव देऊन मोकळा होतो. त्यामागे पैशाच्या तोट्याइतकीच बेअब्रूची धास्ती असते. म्हणूनच नादार झालेल्या माणसाने पुन्हा पत कशी मिळवावी, हा प्रश्न केवळ बँकांचा नाही, समाजाचाही आहे.

कायद्याने केलेला भेद

मुंबई, कोलकाता व चेन्नई या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९चा आणि इतरत्र १९२०चा, असे व्यक्तींच्या नादारीचे दोन कायदे इंग्रजी राजवटीत झाले. १९२०च्या कायद्यातील मुक्ततेची तरतूद लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. नादाराची मालमत्ता त्याच्या बिनतारणी देण्याच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर त्याला सरसकट मुक्तता मिळत नाही. मात्र ही अवस्था ज्या परिस्थितीमुळे ओढवली, तिचा दोष न्यायतः आपल्याला देता येणार नाही, असे त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर ही अडचण दूर होते. याउलट अविचारी सट्टा, जुगार, ऐपतीबाहेरची चैन किंवा धंद्याची अक्षम्य हेळसांड यांमुळे दिवाळे निघाले असेल, तर ती मुक्ततेच्या आड येणारी कारणे आहेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही दुर्दैव आणि दुर्वर्तन यांतील भेद कळत होता.

आपल्या परंपरेलाही तो कळत होता. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू विधिशास्त्राने घालून दिला आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मान्य केला. ऋण फेडणे हा धर्म मानणाऱ्या समाजानेच सावकाराच्या हक्कालाही मर्यादा घातली होती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सावकारांविरुद्ध उठाव झाला, आणि १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद केली. ऋणकोला पुन्हा उभे राहू देणे हे धनकोच्या आणि समाजाच्याही हिताचे असते, हा त्यामागचा विचार होता.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्याने मग मूर्ख ठरावे काय? तसे नाही. नादारी म्हणजे कर्जमाफी नव्हे. नादार ठरलेल्याची मालमत्ता, कायद्याने वगळलेल्या जुजबी वस्तू सोडल्या तर, न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मुक्तता मिळेपर्यंत त्याला संसदेचे वा विधिमंडळाचे सदस्य होता येत नाही. मुक्तता मिळाली तरी शासनाचे देणे, फसवणुकीतून झालेले देणे आणि पोटगी यांतून त्याची सुटका होत नाही. एवढी किंमत मोजलेल्या माणसाला समाजाने आयुष्यभर आणखी वेगळी शिक्षा देण्याचे कारण नाही.

संगणकाची नोंदवही

पूर्वी माणसाची पत गावाला माहीत असे. आता ती संगणकात नोंदलेली असते. २००० साली सिबिलची स्थापना झाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या कर्जदारांच्या नोंदी ठेवतात. ३०० ते ९०० या पट्ट्यातील एक आकडा माणसाचे भवितव्य ठरवू लागला आहे. हप्ता जुगारामुळे चुकला की घरातील आजारपणामुळे, हे तो आकडा विचारत नाही. न्यायाधीशाला जो भेद करता येतो, तो या यंत्राला करता येत नाही. परंतु त्याचा एक गुणही आहे. त्याला राग-लोभ नाही. जुनी चूक तो नोंदवितो, तसा नवा वक्तशीरपणाही नोंदवितो. पत परत मिळविण्याचा मार्ग येथूनच निघतो.

पहिली पायरी म्हणजे आपली नोंद स्वतः वाचणे. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, ही रिझर्व्ह बँकेची व्यवस्था २०१७पासून लागू झाली. फेडलेले कर्ज थकीत दिसणे, दुसऱ्याचेच खाते आपल्या नावावर चढणे अशा चुका अहवालात सापडू शकतात. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ साली अमलात आला. दुसरी पायरी म्हणजे कर्ज पूर्ण फेडणे आणि तडजोडीने मिटविणे यांतील फरक ओळखणे. तडजोडीत काही रक्कम सुटते. पण अहवालात खाते 'बंद' न दिसता 'सेटल्ड' दिसते. २०२३च्या नियमानुसार शेतीव्यतिरिक्त कर्जाची अशी तडजोड झाल्यास त्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्यापूर्वी संस्थेने किमान १२ महिने थांबायचे असते. दुसरा मार्गच नसेल तर तडजोड जरूर करावी, पण तिचे परिणाम समजून करावी आणि देणे संपल्याचे पत्र हाती घेतल्याशिवाय उठू नये.

तिसरी पायरी सर्वांत संथ आहे. मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे छोटे क्रेडिट कार्ड किंवा अल्प रकमेचे तारणी कर्ज घ्यावे, मर्यादेच्या थोड्याच भागाचा वापर करावा आणि प्रत्येक देणे मुदतीपूर्वी पूर्ण चुकते करावे. असे महिनोन्‌महिने करीत राहावे लागते. चार ठिकाणी एकाच वेळी कर्जाचे अर्ज टाकल्याने पत वाढत नाही, उलट घटते. आणि पैसे घेऊन 'सिबिल स्वच्छ करून देतो' असे सांगणाऱ्या दलालांपासून दूरच राहावे. खरी असलेली नोंद पुसण्याचा अधिकार कोणत्याही दलालाला नाही.

आप्तांची जबाबदारी

या वाटचालीत घरच्यांचे वागणे निर्णायक ठरते. जामीनदाराचा प्रश्न आपल्याकडे विशेष बिकट आहे, कारण सहकारी संस्थांत जामीन बहुधा नात्याखातर किंवा भिडेखातर दिला जातो. मूळ कर्जदार नादारीतून मुक्त झाला तरी जामीनदार सुटत नाही. त्याचीही पत डागाळते. म्हणून कर्ता अडचणीत आल्यावर त्याने सर्वांत आधी जामीनदाराला सांगणे हे सचोटीचे पहिले लक्षण होय. वडिलांचे ऋण मुलाने फेडावे ही भावना आदरणीय आहे. परंतु हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५च्या दुरुस्तीनंतर, त्यापुढील कर्जांसाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलावर वसुली लादता येत नाही. वारसावरील देणे वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतेच असते. कोणी स्वेच्छेने वडिलांचे देणे फेडले तर त्याचे कौतुक करावे; पण नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला भावकीने त्यासाठी कोंडीत पकडू नये.

शासनाकडेही एक जुने देणे बाकी आहे. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अत्यल्प उत्पन्नाच्या माणसासाठी 'नव्या प्रारंभा'ची तरतूद करण्यात आली. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नसलेला, अशा ऋणकोसाठी ती होती. १ डिसेंबर २०१९ रोजी संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग लागू झाला, तो कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. सामान्य नागरिकाची कलमे २०२५ सालापर्यंत अधिसूचित झाली नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या बुडीत कर्जांवर न्यायाधिकरणात तोडगे निघत असताना, टपरीवाला व शिलाईवाली यांच्यासाठी संसदेने संमत केलेले दार इतकी वर्षे बंद राहावे, हे समर्थनीय नाही. त्या मर्यादाही महागाईच्या मानाने वाढविल्या पाहिजेत.

मात्र शासनाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. गावोगावच्या पतसंस्थांत समाजातील जाणती माणसे संचालक म्हणून बसलेली आहेत. नादारीतून मुक्त झालेल्या, हिशेब उघडपणे मांडणाऱ्या सभासदासाठी छोट्या तारणी कर्जाची सोय त्यांना आपल्या नियमांत बसविता येईल. घरोघरी संपर्क असलेल्या कार्यकर्त्यालाही अशा घराची चाहूल इतरांआधी लागते. त्याने तेथे उपदेश करायला न जाता, वही-पेन घेऊन त्या कुटुंबाच्या सर्व देण्यांची यादी करायला बसावे. किती देणे आहे, कोणाचे आहे आणि कोणाला आधी द्यायचे आहे, हे कागदावर उतरले की निम्मी धास्ती तेथेच ओसरते. उरलेले काम नियमित हप्त्यांचे आणि शेजाऱ्यांच्या संयमाचे आहे.