नकळत दारू सुटत नाही

एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत एक ओळ वर्षानुवर्षं दिसते: ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ खाली मोबाइल नंबर. फोन बहुतेक घरातली बाईच करते. पुड्या येतात. त्या चहात नाहीतर भाजीच्या रश्श्यात कालवायच्या आणि ‘यांना’ पत्ता लागू द्यायचा नाही.

पुडीत नुसतीच कसली तरी भुकटी असेल, तर पैसे गेले एवढ्यावर भागलं. तिच्यात डायसल्फिराम असेल, तर मात्र जिवाशी गाठ आहे. हे औषध बनावट नव्हे. १९४८पासून ते दारूच्या व्यसनावर वापरलं जातं आणि आजही मानसोपचारतज्ज्ञ ते देतात. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि एरवी त्याचा झपाट्याने निचराही होतो. डायसल्फिराम हा निचराच अडवतं. मग वर घोटभर दारू गेली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय कमकुवत असेल तर माणूस दगावूही शकतो. औषध थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून डॉक्टर आधी यकृत-हृदय तपासतात, सगळं समजावतात आणि रुग्ण स्वतः हो म्हणाला तरच ते सुरू करतात. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जाणार.

‘चार दिवस खोलीत कोंडून ठेवा’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्लाही तितकाच घातक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे तो बरळू लागतो, नसलेली माणसं त्याला दिसतात. घरच्यांना वाटतं, नाटकं करतोय. खरं तर त्या वेळी त्याला दवाखान्यात नेलं नाही, तर जीव जाऊ शकतो.

त्या बाईला दोष देणं सोपं आहे. तो आम्ही देणार नाही. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाले होते. बाकीच्यांच्या घरी ही जाहिरात पोचते, डॉक्टर पोचत नाही. पुण्यात १९८६मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणसाला आजारी समजून, त्याला विश्वासात घेऊन उपचार करता येतात, हे तिथे अनेकांनी अनुभवलं आहे. एकदा सुटलेली दारू पुन्हा सुरू होणं हाही या आजाराचाच भाग; तेवढ्याने उपचार वाया गेले असं नसतं.

औषधांच्या फसव्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४पासून आहे. अन्न व औषध प्रशासनाने त्याखाली या नंबरांमागची माणसं शोधावीत, आणि वर्तमानपत्रांनी ही जाहिरात घेणं आजच बंद करावं. तोवर घरात कुणी पुडी मागवायच्या विचारात असेल, तर आधी १४४४६ हा सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर लावा. त्याला पैसे पडत नाहीत.