ई-सनद कोणासाठी?

परदेशी जाणाऱ्या नागरिकाला आपल्या कागदपत्रांसाठी आता कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही, अशी ग्वाही केंद्र सरकार २०१७ पासून देत आले आहे. त्या वर्षी परराष्ट्र मंत्रालयाने ‘ई-सनद’ नावाची व्यवस्था सुरू केली. अर्ज घरबसल्या, शुल्क घरबसल्या, तपासणी संगणकावर; ना रांग, ना साहेब, ना चपराशी. संपर्काविना, रोखीविना, चेहऱ्याविना आणि कागदाविना, अशी विशेषणांची माळ सरकारनेच या योजनेच्या गळ्यात घातली आहे. ‘दलालाविना’ हा मणी मात्र त्या माळेत नाही, आणि तो का नाही याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

एका देशाचा जन्मदाखला, विवाहनोंदणीचा दाखला किंवा पदवी दुसऱ्या देशाने खरी मानावी यासाठी पूर्वी सह्यांची साखळी लागे. ग्रामपंचायतीच्या सहीवर राज्य सरकारची सही, तिच्यावर परराष्ट्र मंत्रालयाची, तिच्यावर परक्या वकिलातीची. ही साखळी आखूड करण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे करार झाला आणि सदस्य देशांपुरते ‘अपोस्टिल’ हे एकच प्रमाणपत्र पुरेसे ठरले. भारत या करारात आला तो २००५ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. हे अपोस्टिल मजकुराच्या खरेपणाची हमी देत नाही. सही खरी, सही करणाऱ्याचा अधिकार खरा आणि शिक्का खरा, एवढेच ते सांगते. याचा अर्थ असा की, सरकारनेच दिलेल्या कागदावरील सरकारचीच सही खरी आहे हे सरकारकडूनच वदवून घेण्यासाठी नागरिकाने अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि वाट पाहायची!

अपोस्टिलचे सरकारी शुल्क ५० रुपये आहे. परंतु २०१२ साली मंत्रालयाने लोकांकडून कागद थेट स्वीकारणे बंद करून ते काम खाजगी संस्थांकडे सोपविले. २०१९ पासून मुंबईसह काही शहरांत सोय झाली खरी. पण मंडणगड वा गुहागरहून निघालेल्या माणसाला मुंबई काही हाकेच्या अंतरावर नाही. नेमलेल्या संस्थांच्या भोवती मग बिननेमलेल्या एजंटांची फळी उभी राहिली, आणि ५० रुपयांच्या सहीसाठी काही हजार मोजणे हा जणू रिवाजच झाला.

ई-सनदेने ही फळी मोडायला हवी होती. ती का मोडली नाही? कारण ही व्यवस्था ज्याचा कागद आधीच संगणकात आहे त्याच्यासाठी आहे. दाखला देणाऱ्या कार्यालयाने आपले दप्तर संगणकावर आणले असेल आणि ते या व्यवस्थेशी जोडले असेल, तरच घरबसल्या काम होते. योजनेचा प्रारंभही केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांपासून झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतला दाखला, ग्रामपंचायतीच्या वाळवी लागलेल्या वहीतील जन्मनोंद यांना पहिल्या पंगतीत पान नव्हते. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आल्याने नव्या बाळाचा दाखला डिजिटल मिळेल, हे चांगलेच झाले. पण आखातात बाळ जात नाही, बाप जातो.

परदेशी जाणाऱ्यांचा प्रश्न म्हणजे सुखवस्तूंचा प्रश्न, अशी समजूत आपल्या काही कार्यकर्त्यांतही रुजली आहे. ती त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड, चिपळूण भागात जाऊन तपासावी. तेथील घराघरांतून माणसे आखातात राबतात. सौदी अरेबिया हेग करारात येऊन अपोस्टिल तेथे लागू झाले ते डिसेंबर २०२२ मध्ये. संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत करारात नाहीत, म्हणून तेथे वकिलातीच्या शिक्क्याची जुनी साखळी कायम आहे. असा कामगार तिकडे दगावला, तर त्याची थकलेली मजुरी मिळविण्यासाठी त्याच्या विधवेला वारसाचे कागद आणि मुखत्यारपत्र याच साखळीतून न्यावे लागते. दुःखाच्या त्या दिवसांत तिला संकेतस्थळाचा पत्ता कोण सांगणार? एजंट मात्र आपण होऊन दारात येतो.

राज्यकर्त्यांचा उत्साह तर याहून विलक्षण! फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. भारताच्या हेग करारातील प्रवेशाला ज्या देशांनी हरकत घेतली त्यांत जर्मनी आहे, ही गोष्ट त्या गाजावाजात कोणी उच्चारली नाही. माणूस हवा, पण त्याच्या कागदावरील भारत सरकारचा शब्द नको, या व्यवहाराला मैत्री म्हणण्याइतके आपले मंत्री उदार आहेत.

बनावट पदव्यांचा सुळसुळाट आहे, म्हणून तपासणी कडक हवी, असे नोकरशाही सांगते. तपासणीला विरोध कोणाचाच नाही. ती दाखला देणाऱ्या कार्यालयाच्या मूळ नोंदीपाशी व्हावी आणि तिचा भार त्या कार्यालयाने वाहावा, एवढेच म्हणणे आहे. उलट कागद जितक्या हातांतून फिरतो, तितकी बनावट शिक्क्यांना वाट मोकळी होते.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात मुदत आहे, अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही आहे. जुनी नोंद संगणकावर आणून ती ई-सनदेला उपलब्ध करून देणे, ही सेवा त्या कायद्याखाली अधिसूचित झाली पाहिजे. अर्ज तालुक्याच्या ठिकाणी घेतला जावा, शुल्काचा फलक तेथे मराठीत लागावा, आणि परदेशी मृत्यू पावलेल्या कामगाराच्या वारसांकडून राज्याच्या टप्प्यावर एक पैसाही घेऊ नये. कोकणातील कार्यकर्त्यांनी या मागण्यांचे ठराव येत्या ग्रामसभांतून करून घ्यावेत आणि त्यांच्या प्रती तहसीलदारांकडे पोचवून पोच घ्यावी.