विकणे आहे: हॉट रॉड पिकअप, जेमतेम चालवलेली

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायचा मला नाद आहे. हॉट रॉड पिकअप विकायला दिसली की माझा अंगठा स्क्रीनवर थांबतोच. मजकूर बहुतेक ठरलेला: जुनी फोर्ड, छत कापून खाली घेतलेलं, नवंकोरं शेवरले व्ही-८ इंजिन, डिस्क ब्रेक, एसी, आरशासारखा रंग, सोबत पावत्यांची जाडजूड फाइल. आणि शेवटी, अभिमानाने: बांधल्यापासून जेमतेम चालवली आहे.

माझं डोकं फिरतं ते या शेवटच्या ओळीवर.

ही जात जन्मली कशी ते बघा. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-८ इंजिन बसवलं. ताकद ६५ हॉर्सपॉवर. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड स्वस्तात उचलायची, मडगार्ड, बॉनेट, जे जे जड ते काढून टाकायची, भंगारातून पार्ट जमवायची. मग म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर जाऊन कुणाची गाडी किती पळते ते घड्याळ लावून मोजायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. त्या घड्याळाला पावत्या दाखवून चालत नव्हतं, गाडी पळवावी लागायची.

जुनी गाडी कापणं पाप आहे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. कापाकापी हाच हॉट रॉडचा धर्म. फोर्डमध्ये शेवरलेचं इंजिन टाकण्यालाही माझी हरकत नाही. शेवरलेचा १९५५ चा छोटा व्ही-८ आल्यापासून लोक ते करतच आलेत.

पण आज पैसे मोजले की फायबरग्लासची बॉडी नवी मिळते, चासी ऑर्डरने येते, इंजिन खोक्यात बंद होऊन दारात पोचतं. ‘बिल्ट, नॉट बॉट’, म्हणजे विकत घेतलेली नाही, स्वतः बांधलेली, असं सांगणारा स्टिकरसुद्धा विकत मिळतो!

तुम्ही म्हणाल, ज्याचा पैसा त्याची हौस, तुझं काय गेलं? वर्कशॉपवाल्याचं घर चालतंय ना? चालतंय, चांगलंच आहे. मग जाहिरातीत त्याचं नाव का नसतं? गिअरबॉक्सचं मॉडेल असतं, चाकांची कंपनी असते, सीटच्या लेदरचा रंग असतो. ज्याने छत कापून पुन्हा वेल्डिंगने जोडलं, तो माणूस मात्र गायब. त्याची मेहनत फाइलमधली एक पावती होते आणि मिरवतो मालक.

आणि ‘जेमतेम चालवली’ हा गुण कधीपासून झाला? उभ्या गाडीतलं पेट्रोल खराब होतं, रबरी सील कडक होतात, टायर न झिजताच म्हातारे होतात. कोरड्या तळ्यावर धूळ उडवण्यासाठी सुरू झालेला हा प्रकार धुळीच्या भीतीने कव्हरखाली ठेवायचा, आणि वर त्याचेच जास्त पैसे मागायचे!

माझ्याकडे पैसे असते तर मी दुसरीच पिकअप शोधली असती. दगड लागून रंगाचे टवके उडालेली, मागच्या हौद्यात खरंच सामान वाहिलेली. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला असता: यातला कुठला जोड तुमच्या हातून पहिल्यांदा चुकला होता? ज्याने गाडी बांधलीय, तो थेट तिथेच बोट ठेवेल. दुसरा फाइल उघडेल.